किर्पी: तुर्कस्तानची सुरुंगरोधक चिलखती गाडी – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युक्रेनच्या युद्धाच्या चित्रफितींमध्ये उंच, चौकोनी, लांब नाकाची एक चाकांची गाडी बऱ्याचदा दिसते. तिच्याविषयी मराठीत विचारणारे पुष्कळ आहेत, पण सलग वाचायला मिळेल असं फारसं काही नाही. मी गडचिरोलीच्या शेजारच्या जिल्ह्यातला आहे. रस्त्याखाली पुरलेला सुरुंग आमच्याकडच्या माणसांना पुस्तकात वाचून ठाऊक झालेला नाही. त्यामुळे या गाड्यांविषयी मला आस्था आहे आणि ती या उत्तरांत दिसेल.

किर्पी म्हणजे नेमकं काय?

सैनिकांना धोक्याच्या रस्त्यावरून सुखरूप ने-आण करण्यासाठी बनवलेली चार चाकी चिलखती गाडी. चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळते. वजन सुमारे १६ टन, इंजिन ३७५ अश्वशक्तीचं आणि चालकासह साधारण १३ जण बसतील एवढी जागा. टाकी भरली की ८०० किलोमीटरच्या आसपास पल्ला मिळतो. छतावर मशिनगन बसवता येते. पश्चिम तुर्कस्तानातल्या इझमीर शहरातली बीएमसी ही कंपनी ती बनवते.

या वर्गातल्या गाड्यांना जगभर ‘एमरॅप’ म्हणतात. आपल्याकडे पोलीस आणि निमलष्करी दलांत ‘एमपीव्ही’ हा शब्द रुळला आहे. काम दोन्हींचं एकच.

नावाचा अर्थ काय?

तुर्की भाषेत ‘किर्पी’ म्हणजे धोका दिसला की अंगाचा गोळा करून काटे बाहेर काढणारा छोटा प्राणी. काट्यांमुळे आपल्याला साळिंदर आठवतं, पण तो प्राणी वेगळा आणि बराच लहान. हल्ला करण्यापेक्षा स्वतःला वाचवण्यात तो पटाईत असतो, म्हणून हे नाव या गाडीला शोभतं.

‘बीएमसी’ वाचून मुंबईकरांना महापालिका आठवते. इथे मात्र ती अक्षरं ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनची आहेत. १९६४ साली त्या इंग्लिश कंपनीच्या सहकार्याने इझमीरमध्ये कारखाना निघाला. तिथे ट्रक आणि बस बनत राहिल्या. इंग्लिश कंपनी काळाच्या ओघात गेली, अक्षरं तुर्कस्तानात उरली.

चिलखती गाड्या तर आधीपासून होत्या. सुरुंगरोधक गाडीत वेगळं काय?

साध्या चिलखती गाडीत पोलाद जाड असतं ते बाजूंना आणि समोर, कारण गोळी तिथून येते. सुरुंग खालून येतो. सपाट तळाच्या गाडीखाली तो फुटला की तापलेला वायू आणि उसळलेली माती यांना निसटायला जागा मिळत नाही. सगळा मार तळाच्या पत्र्यावर बसतो, पत्रा आत फुगतो आणि आतल्या माणसांचे पाय आधी जातात.

उपाय चार-पाच गोष्टींनी मिळून होतो.

पहिली गोष्ट तळाचा आकार. कोकणातलं उतरतं कौलारू छप्पर डोळ्यांसमोर आणा आणि ते उलटं करा. छपरावरून पाणी दोन्ही बाजूंना ओघळतं, तसा खालून येणारा दाब या इंग्रजी ‘व्ही’ आकाराच्या तळावरून दोन्ही बाजूंना फाकतो. पूर्ण दाब झेलायचा नाही, तिरका करून सोडून द्यायचा.

दुसरी गोष्ट उंची. स्फोटाचा जोर अंतराबरोबर झपाट्याने कमी होतो. तळ जमिनीपासून जितका वर, तितका मार हलका. या गाड्या उंटासारख्या उंच दिसतात त्या यामुळे. तिसरी गोष्ट वजन. त्याच धक्क्याने हलकी गाडी हवेत भिरकावली जाते, सोळा टनांची कमी उचलली जाते.

चौथी गोष्ट बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही, आणि माझ्या मते तीच सर्वांत शहाणपणाची. चाकं, आस, दांडे हे भाग स्फोटात तुटून उडाले तरी चालतील असं धरूनच गाडी बांधतात. माणसं बसतात तो पोलादी पिंजरा अभंग राहायला हवा, बाकी सगळं गेलं तरी हरकत नाही.

पाचवी गोष्ट म्हणजे आसनं.

आसनांत एवढं विशेष काय असतं?

सुरुंगाच्या स्फोटात पोलाद भेदलं गेलं नाही तरी माणूस मरू शकतो किंवा कायमचा अधू होऊ शकतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत गाडी वर फेकली जाते. बसलेल्या माणसाचा मणका त्याच वेगाने वर ढकलला जातो, पण डोकं आणि धड जागेवरच राहू पाहतं. मधल्या मधे मणके चिरडतात. पाय जमिनीला टेकलेले असतील तर टाचेपासून नडगीपर्यंतची हाडं फुटतात. या गाड्यांची चाचणी घेताना आत बाहुले बसवतात आणि मणक्यावर, नडगीवर किती जोर आला ते मोजतात. पत्रा शाबूत राहिला पण नडगीवरचा जोर ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला, तर गाडी नापास.

म्हणून आसन तळाला ठोकायचं नाही. ते छताला किंवा बाजूच्या भिंतीला टांगायचं. धक्का आला की आसनातला एखादा भाग ठरवून वाकतो किंवा ताणला जातो आणि तो धक्का खातो.

पुण्यात एका संरक्षण प्रदर्शनात मला याच वर्गातल्या एका गाडीत बसायला मिळालं. किर्पी नव्हती ती, पण घडण हीच. मागचं दार उघडायला दोन्ही हात लावावे लागले. आत गेल्यावर बाहेरचा गलका एकदम बंद झाला. आसनावर बसलो आणि सवयीने पाय खाली सोडले. तिथे उभ्या असलेल्या तंत्रज्ञाने लगेच सांगितलं, “दादा, पाय खाली नका ठेवू, वर पट्टीवर ठेवा.” आसनासमोर एक आडवी पट्टी होती, तळापासून वीतभर वर. मग त्याने खांद्यांवरून दोन आणि कमरेवरून दोन असे चार पट्टे आवळले. मला पुढे वाकता येईना. “असंच बसायचं असतं, तासन्‌तास,” तो म्हणाला. काचेतून बाहेर पाहिलं तर सगळं किंचित हिरवट दिसत होतं, इतकी ती जाड. अंगावर चिलखत, हातात रायफल, बाहेर चाळीस अंशांचं ऊन आणि असं जखडून तीन तास बसायचं, ही कल्पना करूनच मला घाम फुटला. जवान पट्टा का सोडतात ते कळलं. सोडला तर काय होतं, तेही त्यानेच सांगितलं: गाडी उडते, माणूस छतावर आपटतो आणि मान मोडते.

आतल्या सुट्या सामानाचंही तेच. काडतुसांची पेटी बांधलेली नसेल तर स्फोटाच्या वेळी ती आतच तोफगोळ्यासारखी फिरते.

तुर्कस्तानला ही गाडी का लागली?

आग्नेय तुर्कस्तानातल्या रस्त्यांमुळे. हक्कारी, शर्नाक, दियारबाकर हे कुर्दबहुल प्रांत. डोंगर, खोल दऱ्या आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला एकच रस्ता. १९८४ पासून कुर्दिस्तान कामगार पक्षाच्या, म्हणजे पीकेकेच्या, सशस्त्र बंडखोरांचा तुर्की लष्कराशी संघर्ष सुरू झाला. त्यात हजारो माणसं गेली, दोन्हीकडची आणि मधे सापडलेल्या गावकऱ्यांचीही.

लष्कराची ठाणी डोंगरमाथ्यांवर. तिथे रसद आणि बदलीचे सैनिक पोचवायचे तर त्याच रस्त्याने. शत्रूला समोरासमोर यायची गरजच नव्हती. मोरीखाली खतापासून बनवलेली स्फोटकं ठासायची, तार लांबवर न्यायची आणि गाडी मोरीवर आली की बटण दाबायचं. तुर्की वर्तमानपत्रांत या घरगुती स्फोटकांसाठी ‘ईवायपी’ ही तीन अक्षरं इतक्यांदा छापली गेली आहेत की तिकडच्या शाळकरी मुलांनाही ती कळतात. आपल्याकडे ‘आयईडी’चं झालं तसंच.

अशा रस्त्यांवर सैनिक ट्रकमधून किंवा हलक्या चिलखती गाड्यांतून जात होते. एका स्फोटात दहा-पंधरा घरांत मृत्यूची बातमी जायची. देशभर अंत्ययात्रा निघायच्या, लोक सरकारला विचारायचे की आमच्या मुलांना असं का पाठवता. शेवटी २००९ साली तुर्की सरकारने बीएमसीशी ४६८ गाड्यांचा करार केला आणि २०१० पासून गाड्या लष्कराकडे जाऊ लागल्या.

पुढे २०१५ मध्ये सरकार आणि पीकेके यांच्यातली शांतता बोलणी मोडली. जिझ्रे, नुसायबिन आणि दियारबाकरच्या सूर या जुन्या वस्तीत गल्लीबोळांत लढाई झाली. डोंगरी रस्त्यांसाठी घेतलेली गाडी शहरात आली. अरुंद गल्लीत सात मीटर लांबीची गाडी वळवणं जिकिरीचं, आणि चर, अडथळे, दारांत लावलेली स्फोटकं असं सगळं समोर. त्यानंतर २०१६ पासून उत्तर सीरियात तुर्की सैन्याच्या मोहिमा झाल्या, त्यांतही किर्पी होती.

कुर्दांच्या राजकीय मागण्यांचा न्याय-अन्याय हा वेगळा आणि मोठा विषय आहे. चिलखती गाडी त्याचं उत्तर देत नाही. या शहरी लढायांत घरं गमावलेल्या सामान्य कुर्द कुटुंबांना हीच गाडी आपल्या गल्लीत आलेलं संकट वाटली असेल, हे लिहिताना विसरू नये.

रचना तुर्कस्तानचीच आहे का?

मूळ बेत इस्रायलचा. तिथल्या हातेहोफ या कंपनीच्या ‘नॅव्हिगेटर’ गाडीवरून किर्पी तयार झाली. करार झाला त्या २००९ च्याच जानेवारीत दावोसच्या व्यासपीठावर तुर्कस्तानचे तेव्हाचे पंतप्रधान एर्दोआन आणि इस्रायलचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष शिमोन पेरेस यांची गाझावरून जाहीर खडाजंगी झाली होती. पुढच्या वर्षी, ३१ मे २०१० ला, गाझाकडे मदत घेऊन निघालेल्या ‘मावी मार्मारा’ जहाजावर इस्रायली कमांडो उतरले, तुर्की नागरिक मारले गेले आणि दोन्ही देशांचे संबंध तळाला गेले. गाडी मात्र इझमीरमध्ये बनत राहिली. नंतरच्या सुधारणा बीएमसीने स्वतः केल्या.

मधे काही काळ उत्पादन थांबलं होतं, ते कशामुळे?

पैशाअभावी. कंपनी तेव्हा चुकुरोवा उद्योगसमूहाकडे होती आणि समूह कर्जात बुडाला होता. पुरवठादारांची देणी थकली, कामगारांचे पगार अडकले, गाड्यांचा पुरवठा रखडला. २०१३ मध्ये ठेवींच्या विम्याचं काम पाहणाऱ्या सरकारी संस्थेने कंपनी ताब्यात घेतली आणि २०१४ मध्ये लिलावात उद्योगपती एथेम सांजाक यांना विकली. नंतर कतारच्या सेनादलांची तिच्यात जवळपास निम्मी भागीदारी झाली. २०२१ मध्ये तुर्की मालकांचा हिस्सा तोस्याली समूहाकडे गेला.

सैनिकाचा जीव ज्या गाडीवर अवलंबून आहे तिचा कारखाना कर्जापायी बंद पडावा, आणि तेवढे महिने डोंगरातल्या ठाण्यांना जुन्याच गाड्यांवर भागवावं लागावं, ही गोष्ट मला स्फोटाच्या बातम्यांइतकीच अस्वस्थ करते.

किर्पी आणि किर्पी-२ यांत फरक काय?

मुख्य फरक सस्पेन्शनचा. पहिल्या किर्पीत दोन्ही बाजूंची चाकं एकाच सलग आसाला जोडलेली, ट्रकसारखी. एक चाक दगडावर चढलं की सगळी गाडी हेलकावते. किर्पी-२ मध्ये प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वर-खाली होतं. खडकाळ वाटेवर गाडी स्थिर राहते आणि वेग राखता येतो. ट्रक चालवलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागणार नाही.

किती किलोच्या स्फोटात ही गाडी टिकते?

या प्रश्नाला एका आकड्याचं उत्तर मागितलं जातं, पण स्फोट कुठे झाला यावर सगळं अवलंबून असतं. नाटो देशांनी यासाठी ‘स्टॅनॅग ४५६९’ नावाचं मानक ठरवलं आहे. किर्पीसारख्या गाड्यांचं संरक्षण त्यावर मोजतात. त्यात सुरुंगाचे स्तर असे: दुसऱ्या स्तराला ६ किलो स्फोटक, तिसऱ्याला ८ किलो, चौथ्याला १० किलो. प्रत्येक स्तराचे दोन भाग. ‘ए’ म्हणजे सुरुंग चाकाखाली, ‘बी’ म्हणजे गाडीच्या पोटाखाली मधोमध. पोटाखालचा जास्त वाईट, कारण चाकाखाली फुटला तर निदान चाक आणि आस थोडा मार खातात.

गोळ्यांसाठी वेगळे स्तर आहेत. दुसऱ्या स्तराला एके-४७ ची चिलखतभेदी गोळी ३० मीटरवरून अडवता आली पाहिजे. चौथ्या स्तराला १४.५ मिलिमीटरच्या जड मशिनगनची गोळी २०० मीटरवरून.

आता हे आकडे मोरीखाली ठासलेल्या घरगुती स्फोटकांशी ताडून पाहा. रणगाडाविरोधी कारखानी सुरुंगात साधारण ६ ते १० किलो स्फोटक असतं, म्हणून मानक त्या हिशेबाने बेतलेलं. मोरीखाली मात्र कुणी पन्नास किलो ठेवतो, कुणी शेकडो किलो. तेवढ्यापुढे जगातली कोणतीही चाकांची गाडी टिकत नाही. तुर्कस्तानातही अशा प्रचंड स्फोटांत चिलखती गाड्यांतले सैनिक मारले गेले आहेत.

सुरुंगरोधक गाडीची कल्पना पहिल्यांदा कुणाला सुचली?

दक्षिण आफ्रिका आणि तेव्हाचं ऱ्होडेशिया, म्हणजे आजचं झिम्बाब्वे. १९७० च्या दशकात तिथल्या गोऱ्या राजवटींविरुद्ध लढणारे गनिमी सैनिक मातीच्या रस्त्यांवर सुरुंग पेरत. त्यावर तोडगा म्हणून ‘व्ही’ तळाच्या गाड्या निघाल्या. त्यांतली ‘कॅस्पिर’ सर्वांत प्रसिद्ध. दक्षिण आफ्रिकेचं पोलीस दल आणि तिथली वैज्ञानिक संशोधन परिषद यांच्या नावांची इंग्रजी आद्याक्षरं उलटसुलट जुळवून ते नाव तयार केलं होतं. त्याच कॅस्पिर पुढे कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत दडपशाहीसाठी फिरल्या. यांत्रिकी उत्तम आणि वापर काळा, असा तो इतिहास.

मग इराक. तिथे अमेरिकी सैनिक रस्त्याकडेच्या स्फोटांत मरू लागले. २००७ मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी एमरॅपची खरेदी खात्याच्या सर्व खरेद्यांत पहिल्या क्रमांकावर आणली आणि हजारो गाड्या घाईघाईने पाठवल्या. तुर्कस्तानचा २००९ चा करार या लाटेतलाच.

तुर्कस्तानबाहेर ती कुठे कुठे गेली?

ट्युनिशियाने अल्जीरियाच्या सीमेजवळच्या कासरीन भागासाठी घेतली. तिथल्या चांबी डोंगरात २०१३ पासून दहशतवादी सुरुंग पेरत होते. तुर्कमेनिस्तानच्या संचलनात ती दिसली. कतारने ५० किर्पी घेतल्या. सोमालियात तुर्कस्तानने मोगादिशूला २०१७ मध्ये मोठा लष्करी प्रशिक्षण तळ उघडला, आणि तिथे तयार झालेल्या ‘गोरगोर’ कमांडोंना या गाड्या दिल्या. तिथल्या अल-शबाब या दहशतवादी संघटनेचं मुख्य हत्यार रस्त्यावरचा स्फोटच, तेव्हा गाडी आणि धोका यांची गाठ तिथे बरोबर पडली.

लिबियाची गोष्ट वेगळी. संयुक्त राष्ट्रांनी लिबियाला शस्त्रं देण्यावर बंदी घातलेली असताना मे २०१९ मध्ये ‘अॅमेझॉन’ नावाचं मालवाहू जहाज त्रिपोली बंदरात लागलं आणि त्यातून किर्पी उतरल्या. चित्रं जगभर गेली. त्रिपोलीतलं सरकार पूर्व लिबियातल्या बंडखोर जनरल हफ्तरच्या वेढ्यात होतं, आणि दुसऱ्या बाजूलाही बाहेरून शस्त्रं येतच होती. तरी बंदी ती बंदी, आणि ती उघडपणे मोडली गेली.

युक्रेनमध्ये ती कशी ठरली?

इथे तिची खरी परीक्षा झाली, आणि ती ज्या कामासाठी बनली नव्हती त्या कामात झाली.

ऑगस्ट २०२२ मध्ये पहिल्या ५० किर्पी युक्रेनला पोचल्या, पुढे आणखी गेल्या. बऱ्याचशा नौसैनिकांच्या म्हणजे मरीन दलाच्या तुकड्यांकडे आल्या. त्यांनी त्या खेरसोनच्या प्रतिहल्ल्यात वापरल्या. ११ नोव्हेंबर २०२२ ला खेरसोन शहर मुक्त झालं.

खेरसोनच्या आसपासची जमीन तळहातासारखी सपाट, आडोसा म्हणजे शेतांच्या बांधांवरची झाडांची रांग. त्या उघड्या शेतांतून या उंच गाड्या सैनिकांना थेट शत्रूच्या खंदकापर्यंत नेत होत्या. हे काम पट्ट्यांवर चालणाऱ्या, तोफ असलेल्या गाड्यांचं. त्या पुरेशा नव्हत्या म्हणून किर्पी गेली. सोळा टनांचं धूड, लांबवरून दिसणारं, रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रांपुढे निरुपाय. बऱ्याच गाड्या जळाल्या, काही रशियनांच्या हाती लागल्या.

दुसरीकडे सुरुंगांच्या बाबतीत तिने आपलं काम केलं. पुढचं चाक उडालेली, नाक जमिनीत रुतलेली, पण मागचा पिंजरा शाबूत असलेली किर्पी अनेक छायाचित्रांत दिसते. उघड्या ट्रकखाली तोच सुरुंग फुटता तर काय उरलं असतं, ते सांगायला नको. तोफगोळ्यांच्या उडत्या कपच्यांपासूनही तिने जखमींना वाचवलं. त्या युद्धात सर्वांत जास्त माणसं तोफखान्यानेच जखमी होत होती, त्यामुळे हे मोठं काम होतं.

चिखल हा तिथला तिसरा शत्रू. शरद ऋतूतला पाऊस आणि वसंतातलं बर्फ वितळणं या दोन्ही काळांत काळी माती लोण्यासारखी होते. चाकांची जड गाडी त्यात आसापर्यंत रुतते. विदर्भातल्या काळ्या मातीत पावसाळ्यात ट्रॅक्टर फसलेला ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे चित्र लगेच कळेल.

आणि मग ड्रोन आले. काही किलोचं यंत्र वरून किंवा मागच्या दाराकडून येऊन आदळतं. ‘व्ही’ तळ तिथे काय करणार? जिथे चिलखत पातळ, नेमकं तिथेच घाव. सैनिकांनी गाड्यांवर जाळ्या आणि पिंजरे बांधले. त्यांचा उपयोग काही वेळा होतो.

मग हिच्या मर्यादा थोडक्यात?

उंचीमुळे तोल जायची भीती. कच्च्या रस्त्याची कड खचली की गाडी उलटते, आणि खोल दरीच्या कडेला उलटणं हा स्फोटाइतकाच मोठा घात. बाजूने येणारं रॉकेट किंवा तांब्याच्या तबकडीचा अतिवेगवान बाण बनवणारा स्फोटक सापळा यांना तळाचा आकार रोखू शकत नाही. जड असल्यामुळे गावाकडचे जुने पूल तिला झेपत नाहीत, आणि मग ठरावीक रस्त्यांवरूनच जावं लागतं. ठरावीक रस्ता म्हणजे घात लावणाऱ्याची सोय. चालकाला बाहेरचं कमी दिसतं, ऐकू तर त्याहून कमी येतं.

बातम्यांत तिला रणगाडा म्हणतात, ते बरोबर आहे का?

नाही. रणगाड्याला पट्टे आणि मोठी तोफ असते. ही चाकांची, माणसं वाहणारी गाडी आहे.

तुर्कस्तानात अशा आणखी कोणत्या गाड्या बनतात?

ओतोकारची ‘कोब्रा’ किर्पीच्या आधीची आणि बरीच निर्यात झालेली. नुरोल माकिनाची ‘एज्देर याल्चन’ हंगेरीने घेतली. बीएमसीच्याच ‘वुरान’ आणि ‘अॅमेझॉन’ किर्पीहून लहान आहेत. कात्मेरजिलेरची ‘हझर’ही आहे.

भारताकडे किर्पी आहे का?

नाही. आपल्याकडे या वर्गातल्या वेगळ्या गाड्या आहेत. लष्कराने जम्मू-काश्मीरमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या कॅस्पिर वापरल्या. मेडकच्या आयुध निर्माणीने ‘आदित्य’ बनवली. पुण्याच्या भारत फोर्जला ‘कल्याणी एम-४’ या गाडीसाठी २०२१ मध्ये सुमारे १७८ कोटी रुपयांची मागणी मिळाली. तिचंही मूळ दक्षिण आफ्रिकेतल्या पॅरामाउंट कंपनीत. मराठी माणसाला या विषयातला कारखाना पाहायचा असेल तर इझमीरला जायची गरज नाही.

गडचिरोलीत अशा गाड्या असत्या तर जवान वाचले असते का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या मनात १ मे २०१९ असतो. त्या महाराष्ट्र दिनी सकाळी मी झेंडावंदनाहून परतलो होतो. दुपारी बातमी आली की कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ पोलिसांची गाडी उडवली. आदल्या रात्री दादापूरला नक्षलवाद्यांनी रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली होती आणि तिकडे निघालेलं शीघ्र कृती पथक एका खासगी वाहनातून जात होतं. १५ पोलीस आणि वाहनाचा चालक, १६ जण गेले. त्या गाडीचं जे उरलं होतं ते चित्रात पाहून गाडी कोणती होती हे ओळखता येत नव्हतं.

साध्या वाहनापेक्षा सुरुंगरोधक गाडीत जगण्याची शक्यता जास्त असते, यात मला शंका नाही. पण शेजारच्या बस्तरमध्ये ३ सप्टेंबर २००५ ला पदेडा इथे अशीच सुरुंगरोधक गाडी उडवली गेली आणि आतले २४ जण मारले गेले. स्फोटकांचं प्रमाणच गाडीच्या क्षमतेपलीकडचं होतं. त्यानंतर सुरक्षा दलांतच या गाड्यांना ‘चाकांवरची शवपेटी’ म्हटलं जाऊ लागलं.

नक्षलग्रस्त भागात काम केलेली माणसं म्हणूनच पहिला नियम सांगतात तो पायी चालण्याचा. रस्ता टाळायचा, गेलो त्या वाटेने परतायचं नाही, गाडीने जायचंच असेल तर आधी रस्ता तपासणारं पथक मोऱ्या बघत पुढे जाईल. जांभुळखेड्याच्या दिवशी जवान ज्या घाईने, ज्या वाहनाने निघाले, तो मुद्दा मला गाडीच्या पोलादापेक्षा मोठा वाटतो. तुर्की लष्करालाही हक्कारीत हेच शिकावं लागलं: गाडी मिळाली म्हणून रस्ता तपासायचा थांबवता येत नाही.

स्फोटात सापडलेली गाडी पुन्हा वापरतात का?

बऱ्याचदा हो. आधी ओढून कार्यशाळेत आणतात. तुटलेलं चाक, आस, दांडे बदलणं हे अवघड असलं तरी ठराविक काम आहे, आणि ट्रकचे भाग वापरलेले असल्यामुळे सुटे भाग मिळतात. खरा वेळ पिंजऱ्याच्या तपासणीला लागतो. जोडकामाच्या प्रत्येक रेषेवरून हात आणि दिवा फिरवून केसाएवढी भेग शोधतात. भेग सापडली तर गाडी भंगारात. नाही सापडली तर मग आसनं काढतात. बाहेरून धडधाकट दिसणारं आसनही ठेवत नाहीत, कारण आतला धक्का खाणारा भाग एकदाच कामी येतो. स्फोटाच्या वेळी ज्यावर कुणी बसलेलं होतं ते प्रत्येक आसन उतरवून तिथे नवीन टांगतात, पट्टे नवे लावतात, आणि मगच गाडी तुकडीकडे परत जाते.